इस्माईल मुलाण्याची सुरी

…तर ती सुरी मदरशात कांदे चिरायच्या कामाला लागली, इथवर आपण काल आलो होतो, आणि तेवढ्यात जेवणाची हाक आली. कांदेच नाहीत, टरबुजंसुद्धा! तिकडं पार उत्तरेत, सहारनपूरच्या बाजूच्या त्या मदरशात सगळ्या पोरांना ठाऊक होतं, की पुण्याकडच्या इस्माईलच्या ट्रंकेत एक झकास सुरी आहे आणि मागितली की तो देतो. फक्त कोंबडं कापायला मागितली तर नाही म्हणतो. का, ते कुणाला सांगायचा नाही. मला सांगितलं.

"कोंड्या, गावानं ती वाघजाईच्या बकऱ्यासाठी दिलीय. आधीच तिला दुसरं रगत लावलं तर हैबतराव पाटील मला शिवेच्या आत घेईल का?"

असं म्हणून पोट धरून हसला होता. ते हसणं एकसष्ट साली आटलं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगतो. इस्माईल म्हणजे आमच्या घोटावड्याच्या नबीलाल मुलाण्याचा एकुलता एक पोरगा. मी आणि तो गावच्या शाळेत एका बारदानावर बसून सातवीपर्यंत शिकलो. बारदान माझ्या घरचं, पाटीवरची पेन्सिल त्याच्या घरची, आणि मार दोघांना सारखा.

आमच्याकडं तेव्हा रीत अशी, की बकरं असो नाहीतर कोंबडं, मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय त्याचं मटण चुलीवर चढत नसे. माझी आजी चंद्राबाई मोठी कडक. दाराशी चप्पल वाकडी पडली तरी तिला विटाळ व्हायचा. पण मटण घरात आलं की तिचा पहिला प्रश्न, "मुलाण्याचा हात लागलाय का?" लागला नसेल तर टोपलं तसंच परत. सगळ्यांत मोठा मान वाघजाईच्या जत्रेचा. चैत्रात डोंगराच्या पायथ्याशी गावाच्या वतीनं बकरं पडायचं आणि ते नबीचाचा कापायचे. देवीचं तोंड पूर्वेला. नबीचाचा बकऱ्याचं तोंड पश्चिमेला, मक्केकडं करायचे. त्यात काही वावगं आहे असं देवीला, बकऱ्याला किंवा आम्हाला कधी वाटलं नाही. आणि नियम असा, की जत्रेत ज्याची सुरी फिरली त्याचाच वर्षभर गावावर हक्क. घरोघरचं काम त्याचं, सुगीत भाताचा वाटा त्याचा. एखाद्या वर्षी दुसऱ्या गावच्या मुलाण्याची सुरी फिरली, की घरातली मुलाणकी गेली म्हणून समजायचं.

आता इस्माईलचा आवाज लहानपणापासून असा, की मशिदीत तो काही म्हणायला लागला की बाहेर गुरं घेऊन जाणारा माणूस थांबायचा. पुण्याहून आलेल्या एका मौलवींनी तो ऐकला आणि नबीचाचांना म्हणाले, या पोराला पुढं शिकवा, आठ-नऊ वर्षं लागतील, पण फाजिलची पदवी घेऊन मौलवी होऊन येईल. नबीचाचा बावरले. ते थेट हैबतराव पाटलांकडं गेले. हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि सगळं गाव चावडीवर गोळा केलं.

"ऐका," ते म्हणाले, "आपल्या नबीलालला एक बिस्मिल्ला येतोय, तेवढ्यावर आपली जत्रा एवढी पावतीय. पोरगं अर्थासकट समदं शिकून आलं, तर त्याच्या एका बिस्मिल्लात केवढा जोर असंल? कासारसाईवाल्यांकडं हाय का असला मुलाणी?"

कासारसाईचं नाव निघालं म्हणजे विषय संपला. भैरू लोहारानं मोटारीच्या कमानीची पट्टी मिळवून सुरी घडवली, शिसवी मूठ बसवली, आणि त्रेपन्न साली पिरंगुटला येष्टीत बसताना ती गावाच्या वतीनं पोराच्या हातात दिली. भिवाजी न्हावी मागून ओरडला, "अरं, शिकून फाजिल व्हणार म्हंजी काय! हितंच काय कमी फाजील हाय का ते?" सगळी येष्टी हसली. इस्माईलही हसला. गाव त्याला कशासाठी शिकायला धाडतंय हे त्याला माहीत होतं. तिकडं काय शिकवतात हे मात्र आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

तिकडचे हाल काय सांगू! आंबेमोहोराचा भात खाऊन वाढलेलं पोर, त्याला दोन वेळा रोटी आणि डाळ. थंडी अशी, की पहाटे नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला बसलं की बोटं आपली आहेत की शेजाऱ्याची ते कळत नसे. त्याचं उर्दू ऐकून पोरं हसायची. तरी हा गडी वर्षामागून वर्ष चढत गेला. घरी दोन-तीनदाच आला आणि जत्रा त्यात कधी सापडली नाही. असं करत करत शेवटचं एक वर्ष उरलं. त्या वर्षाला ते दौरा म्हणतात. तो पुरा झाला की उस्ताद स्वतःच्या हातानं डोक्याला पगडी बांधतात, आणि माणूस फाजिल होतो.

त्या शेवटच्या वर्षाआधीच्या रमजानच्या सुट्टीत तो घरी आला. पानशेत फुटलं त्याच वर्षी, पण त्याच्या आधी, चैत्रात. पाडवा आणि ईद पाठोपाठ आली होती. घरोघरी पुरणपोळी आणि शिरखुर्म्याची देवाणघेवाण चाललेली, सगळीकडं आनंदीआनंद. आणि जत्रा आठवड्यावर.

नबीचाचांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. आदल्या जत्रेत सुरी अडखळली, बकरं वाईट तडफडलं, आणि बायका म्हणायला लागल्या की देवीला काही हे पसंत पडलं नाही. तेव्हापासून लोक कोंबडी घेऊन गुपचूप भरे गावच्या मुलाण्याकडं जायला लागले होते. इस्माईल घरी येऊन ट्रंक टेकवतो न टेकवतो, तोच हैबतराव दारात.

"आला व्हय रं आमचा मौलवी! सुरी हाय ना? औंदा बकरं तुझ्या हातचं."

"पाटील, माझं अजून एक वरीस हाय. पदवी न्हाई मिळाली."

"मग? देवी काय तुझी पदवी तपासणार हाय?" हैबतराव हसले आणि निघून गेले. त्यांच्या हिशेबी ठरलं. तासाभरात गावाच्याही हिशेबी ठरलं.

संध्याकाळी ओढ्यावर मी बैलं धूत होतो, तिथं हा येऊन दगडावर बसला. तोंड असं, की मला वाटलं घरी कुणी गेलं की काय.

"कोंड्या, मला ते बकरं कापता यायचं न्हाई."

"का? इसरलास काय? कांदे चिरून चिरून सवय गेली व्हय?"

"अरं, जे जनावर दुसऱ्या देवाला म्हणून सोडलंय, त्याच्यावर आमी सुरी फिरवायची न्हाई. मना हाय. हेच तर शिकलो मी तितं. पुढल्या वर्साला उस्तादांच्या म्होरं बसून हेच वाचायचं हाय मला, आनि उद्या मौलवी म्हणून दुसऱ्याला हेच सांगायचं हाय. आज हातानं एक करून उद्या तोंडानं दुसरं सांगू?"

मी म्हणालो, "मग न्हाई म्हणून सांग."

"सांगितलं तर भरे गावचा मुलाणी येईल. त्याची सुरी फिरंल. अब्बांची मुलाणकी गेली."

"मग परत निघून जा उद्याच."

"गेलो तर अब्बा तसल्या हातानं उभे राहतील. बकरं पुन्हा तडफडंल. समद्या गावाम्होरं."

बघा आता. जिकडं तोंड करावं तिकडं भिंत. आणि गंमत अशी, की प्रत्येक भिंत त्याच्या भल्यासाठी कुणीतरी प्रेमानंच बांधलेली!

"बापाला तरी बोललास का?" मी विचारलं.

नव्हता बोलला. दुसऱ्या दिवशी मी दूध घालायला गेलो तेव्हा बोलला, माझ्या देखतच. बहुतेक मी असलो म्हणजे बोलायला धीर येईल म्हणून. हुसेनबी चाची चुलीपाशी होती. नबीचाचा ओट्यावर डाव्या हातानं उजवा हात दाबत बसले होते. इस्माईलनं हलक्या आवाजात सगळं सांगितलं, किताबात काय आहे, उस्ताद काय म्हणतात. नबीचाचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"म्हंजी मी जलमभर केलं ते?"

ते हात दाबायचे थांबले.

"माझ्या बापानं केलं ते? ज्या वाट्यावर तुला वाढवला, तो समदा हराम व्हय रं? सांग की. तू शिकलास, मी अडाणी. सांग."

चुलीवर दूध उतू गेलं तरी चाची हलली नाही. इस्माईल खाली बघत राहिला. "न्हाई" म्हणाला असता तर किताब खोटा, "व्हय" म्हणाला असता तर बाप. तो काहीच म्हणाला नाही आणि नबीचाचांना जे कळायचं ते कळलं. ते उठले, आत गेले, आणि भैरूनं घडवलेली ती सुरी ट्रंकेतून काढून दगडावर पाजळत बसले. एका हातानं धड पाजळता येत नव्हती. तरी कुणाला हात लावू दिला नाही.

आता मित्र म्हणून मी काय करावं? मी डोकं चालवलं. हैबतरावांना जाऊन सांगितलं, की इस्माईलचं बोट कापलंय, सुरी धरता यायची नाही. मला वाटलं, झालं काम. कसलं काम! अर्ध्या तासात तुळजाबाई पाटलीण हळद घेऊन त्याच्या दारात. तिच्या मागून रत्नाबाई कोरफड घेऊन. नथू गुरव कसलासा पाला चघळतच आला, की थेट जखमेवर थुंकता यावा! सगळं गाव त्याचं बोट शोधतंय. दहा बोटं, दहाही ठणठणीत. इस्माईल दोन्ही हात पुढं करून उभा, मध्येच नथू विचारतोय, "आरं, पायाचं तर न्हवं?"

"कुणी सांगितलं तुमाला?" इस्माईल म्हणाला. "काय झालेलं न्हाई मला."

"बरं झालं बाबा," तुळजाबाई म्हणाली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवून तिनं बोटं मोडली. "तुझा हात म्हंजी आता गावाचा हात. जप त्याला."

सगळे गेल्यावर माझ्याकडं बघून तो म्हणाला, "कोंड्या, खोटं बोलून सुटायचं असतं, तर मी काय आठ वर्सं रोट्या खाल्ल्या असत्या?"

जत्रेचा दिवस उजाडला. ढोल, ताशा, डोंगराच्या पायथ्याशी माणूसच माणूस. कासारसाईची मंडळीसुद्धा आली होती, कारण हैबतरावांनी मुद्दाम सांगावा धाडला होता, की आमचा मौलवी बघायला या. बकऱ्याच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. गर्दीच्या कडेला भरे गावचा मुलाणीही उभा होता, आपली सुरी कमरेला लावून, नुसता बघायला म्हणून. ते सगळ्यांना दिसत होतं. नबीचाचांनाही.

हैबतरावांनी हाक दिली, "चल रं इस्माईल, म्होरं हो."

नबीचाचांनी फडक्यातून सुरी काढली आणि मुलापुढं धरली. त्यांचा हात असा थरथरत होता, की पात्यावर ऊन नाचत होतं. इस्माईलनं सुरी घेतली. ढोल थांबला. मी त्याच्यापासून बैलजोडीएवढ्या अंतरावर असेन. त्याचे ओठ हलत होते, पण जे तो म्हणत होता ते बिस्मिल्ला नव्हतं, दुसरंच काही लांबलचक होतं. तो बकऱ्याकडं बघत नव्हता. बापाच्या हाताकडं बघत होता. तो रिकामा हात तसाच पुढं, हवेत थरथरत राहिला होता. खाली घ्यायचंही म्हाताऱ्याला सुचलं नव्हतं.

इस्माईलनं सुरी उलटी केली आणि मूठ परत बापाच्या हातात दिली. मग बापाच्या मागं जाऊन गुडघे टेकले आणि आपल्या दोन्ही हातांनी म्हाताऱ्याचं मनगट धरलं. असं घट्ट, की कंप थांबला.

नबीचाचांनी मान वळवून पोराकडं पाहिलं. मग बकऱ्याचं तोंड पश्चिमेला केलं आणि आपल्या जुन्या, बसक्या आवाजात बिस्मिल्ला म्हटलं. एका ओढीत काम झालं. बकऱ्याला कळलंसुद्धा नसेल.

ढोल वाजला. हैबतराव माझ्या कानाशी लागून म्हणाले, "कोंडिबा, कापलं कुनी? बापानं का लेकानं?" मी म्हणालो, "पाटील, तुमाला मटणाशी मतलब." पण मलाही ठाऊक नव्हतं. भरे गावचा मुलाणी सुरी सावरत निघून गेला. बायकांनी कानशिलावर बोटं मोडली, की काय पोरगं आहे, एवढं शिकलं तरी मान बापालाच दिला! गावानं त्याचा हाच अर्थ घेतला. इस्माईल ओढ्यावर जाऊन किती वेळ हात धूत बसला होता, ते मी पाहिलं. हातांना तर काहीच लागलं नव्हतं.

मटणाचा वाटा घरी आला. तो त्यानं खाल्ला नाही. चाचीनं भात आणि ताक वाढलं.

परत गेल्यावर त्यानं उस्तादांना सगळं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, आपणहून. उस्तादांनी विचारलं, सुरी कुणाच्या हातात होती? हा म्हणाला, अब्बांच्या. आणि अब्बांचा हात? हा म्हणाला, माझ्या. दुसऱ्या दिवशी वर्ग भरला तेव्हा सगळ्यांत आधी वाचायला त्यांनी इस्माईललाच सांगितलं. एवढंच. त्या गोष्टीवर पुन्हा एक अक्षर नाही. इस्माईल मला म्हणाला होता, "रागावले असते तर सुटलो असतो, माफ केलं असतं तरी सुटलो असतो. ते काय बोललेच न्हाईत."

पदवी मिळाली. उस्तादांनी पगडी बांधली. बासष्ट साली आम्ही त्याला पिरंगुटपासून वाजत-गाजत आणला. मी येष्टीतून ट्रंक उतरवली. सुरी त्यात नव्हती, ती नबीचाचांकडंच राहिली होती. हैबतरावांनी नारळ दिला. पुण्यात कॅम्पाकडच्या एका मोठ्या मशिदीत त्याला जागा चालून आली, राहायला खोली, शिकवायला पोरं. तो गेला नाही. आमच्या गावातली ती पाच-सहा घरांची, पत्र्याची मशीद, तिथंच नमाज पढवत राहिला. का, ते मला विचारायची गरज नव्हती. चैत्र आला की म्हाताऱ्याचं मनगट धरायला कुणीतरी लागणार होतं.

आणि धरलं. दर जत्रेला. होळी झाली की त्याचं बोलणं कमी व्हायचं. पाडव्याला पुरणपोळी घेऊन गेलं तर घ्यायचा, पण नजर डोंगराच्या बाजूला. एखाद्या शुक्रवारी मशिदीत काही समजावून सांगताना मध्येच थांबायचा, असं मला नबीचाचाच सांगायचे. म्हाताऱ्याला सगळं कळत होतं, पण मुलाणकी त्यालाही सोडवत नव्हती आणि पोराचा हातही. दोघंही एकाच दाव्याला बांधलेले. आणि गाव? गाव खूश! कासारसाईवाले म्हणायचे, घोटावड्याचं बकरं एका वेळी दोन मुलाणी कापतात, एक साधा आणि एक फाजिल. हैबतराव हे ऐकून मिशीतल्या मिशीत हसायचे.

मी एकदा विचारलं, "इस्माल्या, मग हे चालतं का तुझ्या किताबात?"

"किताबात न्हाई बघितलं," तो म्हणाला. "बघायचं धाडस होत न्हाई."

सदुसष्टच्या पावसाळ्यात नबीचाचा गेले. अख्खं गाव मातीला होतं. सात-आठ महिने गेले, भात निघाला, होळी झाली, आणि जत्रा पुन्हा तोंडावर आली. हैबतराव आता थकले होते, काठी टेकत आले. मागं नथू गुरव, भिवाजी न्हावी, मी. इस्माईल मशिदीच्या पायरीवर बसला होता. पाटलांनी काठी भिंतीला लावली, शेजारी बसले आणि जरा खाकरले.

"मौलवी," ते म्हणाले. हसण्यावारी नाही, खरंच मौलवी म्हणून गावानं त्याला मारलेली ही पहिली हाक. "म्हातारा ग्येला. आता मधी कुनी न्हाई. गाव तुझं, देवी गावाची, आनि सुरी तुझ्याच घरात हाय. औंदा काय करायचं ते तूच सांग. दुसरा मुलाणी आनला, तर तुझ्या बापाला काय वाटंल? आनि तू न्हाई आलास, तर आमच्या घरात मटण शिजंल कसं?"

इस्माईल उठला, पलीकडं आपल्या घरात गेला आणि सुरी घेऊन आला. शिसवी मूठ बापाच्या हातानं गुळगुळीत झालेली. ती त्यानं मूठ पुढं करून हैबतरावांच्या हातात दिली. पाटलांचा हात म्हातारपणानं जरा हलला. ते त्यानं पाहिलं, आणि मग बोलला तो शब्द न् शब्द मला आजही तसाच आठवतो:

"पाटील, देवीचं बकरं मी एकदाबी कापलेलं न्हाई, मी माझ्या बापाचा हात धरत होतो. औंदा तुमीच कापा. हात थरथरला तर हाक मारा, मी येतो धराया."